धडपड्याची गोष्ट मीच अडवली

प्रिय आई,

आज वर्गात तुझ्या गोष्टी सांगितल्या आणि घरी येऊन आधी हे पत्र लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उशिरा का होईना, बाईसाहेबांना सुचलं!"

कंपनीत नव्यानं लागलेल्या मुलांना यंत्रं कशी शिकतात ते शिकवते मी. आकृत्या काढून हात दुखले, तरी समोर सगळे मख्ख! शेवटी तुझ्या गोष्टींतले तिन्ही यंत्रमानव उभे केले.

हुकूमराव सांगितलं तेवढंच करणारा. अंगण झाड म्हटलं, तर धो धो पावसातही झाडतोय! निरख्या उदाहरणं बघून शिकणारा. पिकलेले आंबे म्हणून त्याला नुसते हापूस दाखवले, तर पठ्ठ्यानं पिकलेली हिरवट पायरी कच्च्यात टाकली. मुलं खो खो हसली.

आणि धडपड्या! त्याला कसं करायचं ते कुणी सांगत नाही. पोळी लाटली की नुसतं 'शाब्बास', नाहीतर 'छे'. सकाळी नकाशे, संध्याकाळी टम्म फुगलेली पोळी.

"मॅडम, आत्ता एकदम क्लिअर झालं! कुठल्या बुकात आहे हे?" एका मुलीनं विचारलं.

कुठल्याच नाही. माझ्यामुळे.

कर्वेनगरच्या आपल्या सोसायटीचा हस्तलिखित दिवाळी अंक आठवतो? मी नुकती आयटीत चिकटले होते, शिंगं फुटली होती. तू वही पुढे केलीस, "तू कंप्युटरवाली, जरा तपासून दे गं." आणि मी धडपड्यावर सरळ रेघ मारली! "आई, यंत्रं चुकांमधून शिकत नाहीत. लोक हसतील तुला." तशी यंत्रं तेव्हाही होती गं, मलाच ठाऊक नव्हती.

तू भांडली का नाहीस? दूधवाल्याशी पाव लिटरसाठी हुज्जत घालणारी तू! "बरं बाई, तू शिकलेली," म्हणालीस आणि दोनच गोष्टी अंकाला दिल्यास. त्यानंतर एकही लिहिली नाहीस. का, ते मी कधी विचारलंही नाही. फार लाज वाटते, आई.

माझं चुकलं. पण रडत बसणार नाही, तुला ते आवडायचं नाही. वही माझ्याकडेच आहे आणि रेघेखालचं तुझं अक्षर स्वच्छ वाचता येतं.

यंदाच्या अंकात धडपड्या येणार. तुझ्या नावानं, एक शब्द न बदलता. कुणी एखादं वाक्य जरी सुधारा म्हणालं ना, तर मी भांडेन. तुझ्या वाटचंही.

तुझी,
वैशू