पाव्हण्यानं पाणी मागितलं

आबा, सगळ्यात आधी आला तो मुलाचा मामा. गाडीतून उतरला, गोठ्यात नजर टाकली, विहिरीत डोकावला आणि मग चपला काढल्या. मला तिथंच शंका आली. उंबऱ्याच्या आधी विहीर बघणारा माणूस पोरगी बघायला आलाय, की जमीन? मागून मुलगा आला, उंच, गप्प, वाकून पाया पडला. तुमच्या पणतीला बघायला आलेली ही माणसं. माझी नात हो, अवसरीच्या कॉलेजात शिकून इंजिनियर झाली, आता पुण्यात नोकरी करते. आदल्या दिवशीच मला म्हणाली, "आजी, मला तो आवडलाय, पण माणूस तू बघ. तू हो म्हणालीस तरच हो." एवढं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून बाई मासवड्या थापायला बसली. मला आतून लई बरं वाटलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

रस्सा मीच केला, आईच्या हातासारखा जहाल. मामानं नाक पुसत पुसत दोनदा घेतला. वाढता वाढता माझं तोंड काही गप्प बसेना, तुम्हाला माझी खोड ठाऊकच आहे. आपल्या मढ गावची गोष्ट काढली. भातकापणी उरकलीय, खळ्यावर तुम्ही चौघंजण तीन पत्ती खेळताय, चिंचोक्यांवर, आणि मी एवढीशी परकर सावरत मागं उभी. तुमच्या हातात चांगली पानं आली की तुम्हाला तहान लागायची. मी ते हेरलं होतं. एकदा तुम्ही मागायच्या आतच तांब्या घेऊन पळत आले, तर सगळ्यांनी हसत पानं टाकली. तुम्ही मला घराकडं नेताना म्हणालात, "पोरी, मागितल्याबिगर पाणी आणू नगं." एवढंच. पण त्यानंतर तुम्ही रद्दी पानं आली तरी मधूनच पाणी मागायला लागलात. मग कुणाला काही कळेना. आई चुलीपुढून म्हणायची, "ह्यांच्या तहानंचा आता इस्वास न्हाई."

ही गोष्ट सांगून झाली तसा मामा हात पुसत म्हणाला, "पत्त्यांवरनं आठवलं. पोरगी काम्पुटरवर पत्ते खेळती म्हणं. आमच्यात असलं चालत न्हाई, आजी." जेवणाची चवच गेली. पोरगी म्हणाली, "पैसे नाही लावत मामा. पोकर आहे, त्यात डोकं लागतं." तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "मला पण येतं, थोडं." मामानं त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं दुसरी बायको केल्याचं सांगितलंय. मी उठले, दिवाळीचा पत्त्यांचा कॅट आणि चिंचोक्यांचा डबा आणला. म्हटलं, "बसा मामा, तीन पत्ती मांडू. चिंचोक्यानं कुणाचं घर बुडत न्हाई."

आबा, हे पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊ. नातीनं मला समजावलंय, त्यात खेळायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे घराची सगळी दारं लावून खेळायचं. चांगल्या पानांवर डाव वाढवायचा तसा कधीकधी रद्दीवरही वाढवायचा, पण मापात, म्हणजे समोरच्यानं काही केलं तरी त्याला आपल्यात शिरता येत नाही. अशानं फार मिळत नाही, पण कुणी लुटतही नाही. दुसरी रीत म्हणजे समोरच्याचं उघडं दार शोधायचं आणि तिथनं आत घुसायचं. भित्र्याला दरडावायचं, हट्टी असेल तर त्याच्यापुढं चांगल्या पानांची वाट बघायची. त्यात मिळतं भरपूर, पण आपण घुसायला गेलो की आपलं दार मागं उघडं राहतं.

मामाची तर सगळी दारं सताड उघडी. चांगलं पान आलं की गुडघा हालायचा. त्याचे चिंचोके मीच खाल्ले. पण पोरगा? रद्दीवर वाढवतोय, चांगल्यावर गप्प बसतोय, चेहरा आपला धुतलेल्या पाटीसारखा. नात माझ्या कानात म्हणाली, "आजी, हा पहिल्या रीतीचा," आणि खुश झाली. मी नाही झाले. सगळी दारं लावून बसलेल्या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा?

शेवटच्या डावात तो आणि मी दोघंच उरलो. माझ्या हातात राजांची जोडी. त्यानं मूठभर चिंचोके पुढं सारले आणि म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?" मला तुमची तहान आठवली. टाकली मी पानं. पिसायला गोळा करताना त्याची बघितली, तर दुर्री, पंजी, नव्वी. रंगसुद्धा एक नाही.

पाव्हणे गेल्यावर मी नातीला धरलं. म्हटलं, "माझीच गोष्ट ऐकून माझ्याच दारातनं घुसला. लबाड हाय." ती म्हणाली, "रस्सा किती तिखट होता आजी, तहान लागली असेल." म्हटलं, "मग चिंचोके सारल्यावरच कशी लागली?" ती भांडी विसळता विसळता हसली. "बरं, लबाड. पण मग त्यानं तुझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली म्हणायची. आपल्या घरात कोण ऐकतं?"

हे पत्र पोष्टात पडायचं नाही, म्हणून सांगते. शेवटच्या दुखण्यात तुम्ही पाणी मागितलंत तेव्हा मी मनात म्हटलं, पानं चांगली आहेत, आबा उठतील. तुम्ही उठला नाहीत. तेव्हापासून पाणी मागणाऱ्या माणसावर माझा लवकर विश्वास बसत नाही, या पोरावर मात्र बसला. आणि तरी ती नव्वी बघितली तेव्हा मला राग आला नाही, हसू आलं. खळ्यावरचं कुणीतरी परत घरात आल्यासारखं वाटलं. नातीला यातलं काही बोलले नाही. अजून बघतेय, एवढंच म्हणालेय.

मामा गाडीत बसताना म्हणाला, "उत्तर काय ते सांगा आजी, आन् माझं चिंचोकं बी परत घ्यायचेत." रस्सा या खेपेला अगदी फिका करणार आहे, आणि तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवणार आहे. गुरुवारी येतो म्हणालेत.