माझ्या टाइपरायटरचं शेपूट

महाल, नागपूर
रविवार, ११ सप्टेंबर १९७७

तीर्थरूप चंपतमामांच्या चरणी,

प्रेमिलाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वैद्यांचं तेल लावता, की बाटली कोनाड्यात ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? संत्र्याच्या अंबिया बहाराची फळगळ थांबली का? कौशल्यामामींना सांगा, त्यांनी पाठवलेलं लोणचं ऑफिसात फार गाजलं. (घरी पोचलंच नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी तर इतकी बरी आहे की ते लिहिण्यासाठी आज सुट्टीच्या दिवशी दौत घेऊन बसले आहे. मामा, तुमची भाची हिंगण्याच्या कारखान्यात कायम झाली! ऑर्डर हातात आहे, शिक्क्यासकट. आता हे कसं घडलं ते नीट, पहिल्यापासून ऐका.

आमच्या कारखान्यात फवारणीचे पंप होतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे मी टाइपिस्ट, म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस पत्रं. जुलैमध्ये आमच्या ठवकरसाहेबांनी हुकूम काढला की प्रत्येकाने कामाची डायरी ठेवावी, दिवसभरात काय केलं ते साध्या भाषेत लिहावं. बाकीच्यांचं सोपं होतं. 'फायली लावल्या' असं लिहिलं की झालं. (आमचे हेडक्लार्क मधुसूदनबाबू तर सोमवारीच शनिवारपर्यंतचं लिहून टाकत.) मला मात्र प्रत्येक पत्राची तारीख, कोणाला पाठवलं आणि विषय काय, हे पुन्हा हाताने उतरवावं लागे. त्यात पाऊण तास जाई आणि कंपनीची बस माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून निघून जाई. आठवड्यात तीनदा बस चुकली. एकदा तर बर्डीपर्यंत एका बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यासोबत टेम्पोतून आले. त्या कोंबड्यांनीच मला विचार करायला लावलं म्हणा ना.

विचार असा की जे मशीन पत्र लिहितं, त्यानेच डायरी का लिहू नये? मी लकडगंजातून कागदाची एक लांब गुंडाळी आणली आणि मशीनच्या रुळावर, पत्राच्या मागे, कायमची चढवून ठेवली. मग पत्राची जी प्रत ऑफिसात राहते, तिच्या पाठीला अगदी वर चार बोटं रुंदीची कार्बनची पट्टी चिकटवली. झालं! पत्राच्या डोक्यावर तारीख, नाव-गाव, विषय टाइप केला की तेवढंच मागच्या गुंडाळीवर आपोआप उमटतं, खालचा मजकूर उमटत नाही. पत्र पाकिटात घालून टपालात टाकायला नेताना आमचे शिपाई गणपतराव त्या नोंदीपुढे निळ्या पेन्सिलीने खूण करतात, म्हणजे ते खरंच गेलं हेही कळतं. सकाळी येऊन असे पट्टी लावलेले कागद मी एकगठ्ठा तयार ठेवी. पहिल्या दिवशी बस सुटायला वीस मिनिटं बाकी असताना मी बसमध्ये खिडकीजवळ बसलेली होते. ड्रायव्हर मला बघून घड्याळाला किल्ली देऊ लागला.

गुंडाळी मशीनमागून लोंबत जमिनीवर पसरायची, म्हणून तिचं नाव 'शेपूट' पडलं. गणपतराव दोनदा तिच्यात अडकून पडले. "बाई, हे शेपूट काहून सोडून राहिल्या तुम्ही? एखाद्या दिवशी माह्यं टकुरं फुटन!" असं ते रोज म्हणत आणि रोज निळी खूणही करत.

आता ३० ऑगस्टचा मंगळवार. सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आत मधुसूदनबाबू हात बांधून उभे. अकोल्याच्या एका मोठ्या सहकारी संस्थेला सहाशे पंपांचं दरपत्रक पाठवायचं होतं, मुदत उद्या संपत होती, आणि संस्था म्हणत होती की पत्र आलंच नाही. मधुसूदनबाबू म्हणाले, "साहेब, मी कच्चं लिहून बाईले देल्लं होतं. बाईनं टाइपच नाही केलं. टेम्पररी माणसावर भरवसा ठेवला, माह्यंच चुकलं." मामा, कायम होण्यासाठी लागणारं माझं वर्ष भरायला दोन आठवडे होते. मी म्हटलं, "साहेब, शेपूट आणते."

ऑगस्टचं शेपूट उलगडलं तर केबिनच्या भिंतीपासून दारापर्यंत आणि दाराबाहेर. साहेब चष्मा लावून चक्क गुडघ्यांवर बसले आणि एकेक नोंद मोठ्याने वाचत पुढे सरकू लागले. ९ ऑगस्टची नोंद सापडली. विषय, सहाशे पंपांचे दर. पुढे निळी खूण. माझा जीव भांड्यात पडला, तोच साहेब म्हणाले, "पण हे तर अकोट आहे!"

पत्र संस्थेच्या अकोटच्या शाखेला गेलं होतं. मी धावत जाऊन मधुसूदनबाबूंचं कच्चं लिखाण आणलं. त्यांचं 'ला' असं काही असतं की त्यात 'ट' बघावा की विळा, हे बघणाऱ्याने ठरवावं. तरी मी सरळ सांगितलं, "साहेब, मी विचारून घ्यायला हवं होतं. चूक माझी आहे." साहेब म्हणाले, "चुकीचं मग पाहू. पत्र कुठं आहे ते तर समजलं! अकोटले फोन लावा."

ट्रंक कॉल लागायला दोन तास गेले. तेवढ्या वेळात साहेब खालीच बसून शेपूट वाचत राहिले, आणि १२ ऑगस्टला थांबले. "मधुसूदनबाबू, विषय: हेडक्लार्कच्या जागेसाठी अर्ज. तोही दुसऱ्या कंपनीले! हा कोणाचा?" (मी जेवायला गेले की बाबू माझ्या मशीनवर, माझेच तयार कागद घेऊन, खासगी पत्रं टाइप करत. मशीनला काय, कंपनीचं नि खासगी सारखंच.) बाबू म्हणाले, "ते... साळ्यासाठी केला होता, साहेब." साहेब म्हणाले, "तुमचा साळा आपल्याच फाटकावर चौकीदार आहे ना? तो तर पगाराले अंगठा उठवते!" बाबूंनी त्यानंतर पंख्याखाली उभं राहूनही रुमाल भिजवला.

अकोटच्या शाखेत आमचं पाकीट न फोडता ठेवलेलं होतं. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने त्यांचा माणूस ते घेऊन अकोल्याला गेला आणि मुदत संपण्याआधी हातात दिलं. परवा निकाल लागला. सहाशेच्या सहाशे पंप आमचे! साहेबांनी पेढे वाटले, मला कायम केलं, आणि कारखान्यातल्या बाकी दोन्ही टाइपरायटरांनाही शेपटं लावायचा लेखी हुकूम काढला. मधुसूदनबाबूंना काढलं नाही. ते आता एकेक अक्षर सुटं लिहितात आणि मला 'प्रेमिलाताई' म्हणतात. गणपतरावांनी मात्र तीन शेपटांसाठी नव्या चपला मागितल्या आहेत.

मामींना नमस्कार. लहानांना गोड पापा.

तुमची भाची,
प्रेमिला

ता. क. साहेब शेपूट वाचताना २४ ऑगस्टच्या एका नोंदीशी अडखळले, माझ्याकडे पाहिलं, खाकरले आणि ती न वाचताच पुढे सरकले, हे वर लिहायचं राहिलं. विषय होता, 'विवाहाबाबत नकार'. वर्ध्याचं जे स्थळ बाबांनी पक्कं धरलंय, त्यांची अट आहे की मुलीने नोकरी सोडावी. त्यांना मी माझ्या सहीने कळवलं की जमणार नाही.

ता. क. २. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. वर्ध्याहून त्यांना कार्ड आलंय, 'रविवारी १८ तारखेला येतो, बोलायचं आहे.' बाबांना वाटतं ते तारीख काढायला येताहेत. आईने चिरोट्यांसाठी रवा आणून ठेवलाय.

ता. क. ३. म्हणून मामा, गुडघा कसाही असो, शनिवारी या. पत्र मागे घेता येईल का, हे मात्र विचारू नका. ते मी रजिस्टर केलं होतं, मुलाच्या वडिलांच्या सहीची पोच माझ्याकडे आली आहे. बाबांना सांगणार मीच. तुम्ही फक्त त्यांच्या शेजारी बसा, आणि मी बोलत असताना त्यांना उठू देऊ नका.