दर्याकडे पाठ करून

बाबा, आज सकाळी अकरा माणसांना मी दर्याकडे पाठ करून पाण्यात उतरवलं. एकामागून एक, सगळी उलटी चालत. तू असतास तर बोंब ठोकली असतीस. नाहीस, तेच बरं.

ही घाटावरची माणसं पायात फिन, म्हणजे रबरी पाती, घालून मासे बघायला येतात आणि मी त्यांना शिकवते. फिन घालून पुढे चाललं की पातं वाळूत नाहीतर खडपात, खडकांच्या फटीत, अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून उलटं चालायचं, खांद्यावरून मागे बघत, आणि कंबरभर पाण्यात गेलं की वळायचं. मग पाय कंबरेतून हलवायचा, गुडघ्यातून सायकल मारायची नाही, घोटा सैल, पातं पाण्याखाली. फटाफट पाणी उडवणारा दमतो आणि जागच्या जागी राहतो. एवढं सोपं आहे रे! हे शिकायला मला कुणाची मदत नको होती, फक्त तू आडवा यायला नको होतास.

मिरकरवाड्यात तुझा केवढा तोरा! ट्रॉलरच्या पंख्यात जाळं गुरफटलं की तुलाच हाक, आणि तू दातात सुरी धरून अनवाणी बुडी मारायचास. दर्याला पाठ दाखवायची नाही, हा तुझा नियम. पाण्यातून बाहेर येतानाही तू त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकत किनाऱ्याला लागायचास. म्हणजे उलटं चालणं तुला चालत होतं, फक्त तुझ्या दिशेने.

बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या ट्रेनिंगसाठी मला चाचणीला बोलावलं होतं. आठवडा राहिलेला. सरावासाठी उसने आणलेले फिन घालून मी खडपावरून उलटी उतरतेय. वर तू उभा, सोबत अर्धी वाडी.

"दर्याला पाठ दाखवतेस? कुणाची पोर गो तू? वळ आधी!"

"बाबा, हे घालून असंच उतरतात."

"मला शिकवतेस? बदकाचे पाय लावलेस म्हणून अक्कल आली काय? वळ म्हणतो ना!"

लोक हसतात. मी वळते. तिसऱ्या पावलाला पडते आणि गुडघा कातळावर फुटतो.

चाचणी गेली. पुढची नऊ वर्षं कारखान्यात कोळंबी सोलली, बर्फाच्या पाण्यात बोटं कुजवली. येईल त्याला सांगितलं, बापसाने माझं वाटोळं केलं. तुझ्या तोंडावरही सांगितलं. तू एकदाही चुकलो म्हणाला नाहीस, एवढा ताठा! तू मेलास तेव्हाही माझा राग उतरला नाही, आणि आजही तो उतरलेला नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एक सांगते. वळताना डाव्या फिनचा टाचेमागचा पट्टा निसटला होता. मला कळलं होतं. वाकून लावायला वेळ होता, पण लोक हसत होते आणि तुझ्यासमोर मला वाकायचं नव्हतं. पट्टा नीट असता तर पडले नसते, असं मी म्हणत नाही. पण तो निसटला होता, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर तू कधी माझ्या पायाकडे बघितलं नाहीस. जेवायला समोर बसले तरी मान फिरवायचास. मला दिसत होतं, आणि मी फिरवू दिली.