मागच्या दोघी

१४ सप्टेंबर, रविवार

अलकनंदानं आम्हाला टाकलं! इथे चेन्नईतच, अड्यारच्या एका क्लबात येत्या २७ला जुन्या इंग्रजी गाण्यांची संध्याकाळ आहे. पत्रिका घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. 'अलकनंदा, साथीला जननी आणि सुष्मिता.' कोण या? शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसातल्या पोरी म्हणे. अंबुजाचं आणि माझं नाव कुठेच नाही. जन्मभर तिच्या मागे उभं राहून 'ऊ-ऊ' केलं आम्ही. सख्ख्या चुलतबहिणी!

फोन केला. म्हणाली, "हेमाक्का, साठी आली आपली. मागे तरुण मुली हव्यात म्हणाले ते लोक. मी काय करू?"

मागे तरुण हव्यात. पुढे मात्र साठीची चालते!

१५ सप्टेंबर

अंबुजा धावत आली. शोळिंगनल्लूरहून, बसनं, गुडघे दुखत असताना. चकलीसारख्या मुरुक्कूचा डबा घेऊन. "अय्यो अक्का, कसली बाई ही! तिच्या प्रोग्रामला मी पाय ठेवणार नाही, बघ." दोघी मिळून अलकाला मनसोक्त शिव्या दिल्या. जिवाला बरं वाटलं. एक तरी माणूस आपलं आहे.

१८ सप्टेंबर

राहवलं नाही. ती रेकॉर्ड काढली – अमेरिकेतल्या त्या तिघींची, ग्रेटेस्ट हिट्स. कृष्णाजीकाकांनी, म्हणजे अलकाच्या वडिलांनी, बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेली. कव्हरवर तिघी चमचमत्या झग्यांत. आम्ही शाळेत होतो. शब्द अर्धे कळायचे नाहीत, पण पाय आपोआप हलायचे.

काय आहे या गाण्यांत? प्रत्येकात तेच रडगाणं. तो गेला, तो खोटा निघाला, मी दाराशी उभी. आणि हे सगळं टाळ्या वाजवत, हसऱ्या चालीत! आपल्याकडे फसवलेली बाई गाते तेव्हा ऐकणाराही खचतो. या फसवलेल्या बायका नाचायला लावतात. आज इतका राग होता, तरी ओट्याशी उभी राहून बोटं ठेका धरत होती.

आज पहिल्यांदाच फक्त मागच्या दोघींना ऐकलं. पुढची रडते, मागच्या दोघी तिला सांभाळून घेतात. त्या काढून घेतल्या तर नुसती एक बाई ओरडतेय असं वाटेल. हे अलकाला कोण सांगणार?

२३ सप्टेंबर

नवरात्राचा कोलू मांडलाय. त्रिपुरसुंदरीकाकू काठी टेकत आल्या. आमच्याकडे कोलू बघायला आलं की बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे गायचं, मगच हळदीकुंकू. बाकीच्या कीर्तनं म्हणतात, आम्ही तिघी अमेरिकेची गाणी! पहिल्या वर्षी सगळ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा काकूच म्हणाल्या होत्या, "देवीला इंग्लिश कळत नाही काय? म्हणा गे!"

आज काकूंनी विचारलं, "तिघी कां नाही गात?" मी म्हटलं, घसा बसलाय.

खरं तर मला मजा आठवत होती. शेवटचा 'ऊ' मी कायम जास्त ओढते. खोडच ती. अलका थांबते, मी चालूच! मग अंबुजाचं कोपर माझ्या बरगडीत, आणि मी चूप. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही – ना माझा 'ऊ', ना तिचं कोपर. व्हिडिओ मात्र एकही नाही. अलकाची बंदी! जाड दिसते म्हणे.

२७ सप्टेंबर

गेले नाही. अंबुजालाही ताप आलाय. दुपारीच फोन करून झोपते म्हणाली.

२८ सप्टेंबर

ग्रुपवर व्हिडिओ आला. बघायचा नाही म्हणत तीनदा बघितला.

अलका छान गायली. मेलीचा आवाज आहेच! पण शेवटी – गाणं थांबलं आणि डावीकडची पोरगी, जननी, 'ऊ' ओढतच राहिली. उजवीकडचीनं तिला कोपर मारलं. ती चूप! अख्खा हॉल हसला, टाळ्यांचा कडकडाट. मीही हसले. मग फोन उपडा ठेवला. माझी जागा घेतली ती घेतली, माझी चूकसुद्धा उचलली या अलकानं!

अंबुजाला फोन केला. "निर्लज्ज आहे, अक्का," एवढंच म्हणाली. आवाज अगदी खणखणीत होता. ताप उतरला वाटतं.

२९ सप्टेंबर

सकाळी दारात पिठाचं कोलम घालता घालता हात थांबला.

अलका तर कायम पुढे उभी. आमच्याकडे पाठ करून. तिनं ते कोपर जन्मात पाहिलेलं नाही. आणि त्या पोरी अंबुजाच्या शोळिंगनल्लूरच्या.