मळमड्डीचा मुराळी

मळमड्डी, धारवाड

प्रिय दीपश्री,

आज सकाळपासून कानात एक जुना आवाज आहे. आमच्या शाळेत मराठीचा वर्ग आणि कन्नडचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता लाकडी फळ्यांचा पडदा होता. अलीकडे आम्ही घसा ताणून मराठी कविता म्हणत असू, पलीकडे ती मुलं त्यांचं पद्य म्हणत, आणि मध्येच कुठेतरी दोन्हींचा ठेका जुळून जाई. मग कुठल्याच पुस्तकात नसलेली एक तिसरी कविता खोलीभर घुमायची. गुरुजी चिडून फळीवर छडी आपटायचे, पलीकडचे मास्तरही आपटायचे, आणि आम्हाला वाटायचं साथ चाललीय. ते पलीकडचं पद्य मला अजून अर्धंअधिक पाठ आहे. कुणी शिकवलं नाही, नुसतं शेजारी बसून आलं.

हे असलं काही मला फोनवर बोलता येत नाही. फोनवर मी 'जेवलीस का' आणि 'तिकडे पाऊस आहे का' याच्या पुढे कधी गेलेलो नाही. आणि धारवाडहून नवनगरला असा कितीसा वेगळा पाऊस पडणार? म्हणून हे पत्र. परवा तू फोन केलास, शाळेत चाचणी आहे, पेपर तपासायचेत, यंदा नागपंचमीला यायला जमणार नाही म्हणालीस. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. अंबूताई म्हणाली, "बरं काय बरं? पंचमीला लेक येत नाही आणि तुमचं आपलं बरं." मग तिनंच निकाल दिला की पेपरचं सांगताना तू दोनदा खोकलीस, म्हणजे पेपर वगैरे काही नाहीत.

(मी बायकोला ताई म्हणतो म्हणून तू नवी होतीस तेव्हा हसायचीस. सगळी मळमड्डी तिला अंबूताई म्हणते, मी एकटा वेगळं काय म्हणू?)

तर सांगायची बातमी अशी की तू येत नाहीस हे कळूनही तिनं पंचमीच्या लाडवांच्या उंड्या वळणं थांबवलेलं नाही. शेंगांच्या झाल्या, तिळाच्या झाल्या, आज रवा भाजणं चाललंय. मी म्हटलं, खाणार कोण? "तुम्ही नाही, एवढं नक्की. साखर किती आली होती मागच्या तपासणीत?" असं म्हणून तिनं डबा वरच्या फळीवर ठेवला. तिथवर माझा हात पोचत नाही हे तिला पक्कं माहीत आहे.

तू या घरात लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपलं भांडण झालं होतं, आठवतं? चौथीच्या पुस्तकातल्या त्या कवितेच्या चालीवरून. मी धारवाडच्या चालीनं म्हटली, तू तोंडावर पदर धरून हसलीस आणि अळणावरच्या शाळेतली चाल म्हणून दाखवलीस. संजीव म्हणाला, तुम्ही दोघं म्हणत बसा, मी चाललो झोपायला. पुढे ते रोजचंच झालं. जेवणं आटोपली की मी एक ओळ टाकायची, तू पुढची उचलायचीस. आज मागं वळून बघताना वाटतं, या घरात तुझं खरं जमलं ते आमच्याशी. संजीवशी जमावं म्हणून तूही झटलीस, तोही झटला. तो वाईट नव्हता, तू वाईट नव्हतीस. दोघांची चाल वेगळी होती, आणि ती ऐकत बसायला दोघांनाही सवड नव्हती. त्यात कोण चुकलं ते मी तेव्हा शोधलं नाही, आताही शोधत नाही.

सगळं कागदोपत्री मिटल्यावर तू आपलं सामान न्यायला आलीस, तो दिवस मला विसरता येत नाही. संजीव पुण्याला निघून गेला होता. रिक्षा बाहेर उभी होती. तू स्वयंपाकघराच्या दारात आलीस, वाकून नमस्कार केलास. माझ्या तोंडून, काय वाटलं कोण जाणे, त्या कवितेची पहिली ओळ आली. तू दुसरी म्हणालीस. तुझ्याच चालीनं. तिसरी कुणालाच म्हणता आली नाही. मग अंबूताईनं बाहेर जाऊन रिक्षावाल्याला "होगप्पा, जा तू, आज नाही जात ती," म्हणून परत पाठवलं आणि कुकर लावला.

त्या श्रावणात तीच म्हणाली, "तिची आई नाही, अळणावरच्या घराला कुलूप, भाऊ तिकडे दुबईला. पंचमीला पोरीनं झोका खेळायचा कुठं?" आणि मला मुराळी करून नवनगरला धाडलं. लेकीला सासरहून आणायला माहेरचा मुराळी जातो हे ठीक, पण सासऱ्यानं मुराळी व्हायचं म्हणजे काय, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. तुझ्या घरमालकीण अनिताबाईंनी दारातच उलटतपासणी घेतली. वडील का? म्हटलं, नाही. काका? नाही. मग कोण? म्हटलं, सासरा होतो, आता माहेरचा आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं, उंड्यांच्या डब्याकडे बघितलं, आणि "मग आत या, ऊन लागलेलं दिसतंय," म्हणाल्या. तेव्हापासून माझी एकही पंचमी चुकलेली नाही. सायकलीवरून पोरं बघत असतात आणि तू आपल्या अंगणातल्या आंब्याच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून झोका चढवतेस. अंबूताई खालून ओरडते, "पडशील गं, तुझं वय काय आता!" आणि मला वाटतं, आपलं सगळं नीट आहे.

आता जे लिहायला मी इतका वेळ घेतोय ते लिहितो. मागच्या आठवड्यात डोळे दाखवायला हुबळीला गेलो होतो. येताना चिगरी बस नवनगरच्या थांब्यावर उभी राहिली आणि खिडकीतून तू दिसलीस. शेजारी एक उंच गृहस्थ तुझी छत्री उघडायच्या खटपटीत होता. छत्री उलटी झाली, त्यानं ती अशी गंभीर चेहऱ्यानं तुझ्या हातात दिली, जणू तशीच वापरायची असते. आणि तू हसलीस. डोकं मागं टाकून, डोळे मिटून. मी काच वाजवणार होतो, पण हात खाली घेतला. बस निघाल्यावर लक्षात आलं की मीही हसतोय, आणि शेजारचा कॉलेजचा मुलगा जरा सरकून बसलाय.

घरी येऊन मोठ्या गुपितासारखं अंबूताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "गुरुराज नाव. अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीचा व्यापार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या डोळ्यांना बसची खिडकी लागली बघायला, मला अनिताबाईंचा एक फोन पुरला." म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तेव्हा तिची सुरी थांबली. "त्याची आई आहे," म्हणाली, "आणि फार मायाळू आहे म्हणे." खाष्ट असती तर हिला बरं वाटलं असतं, हे मला कळायला थोडा वेळ लागला. मग तीच हळू म्हणाली, "तिला आता चांगली सासू मिळणार. मग मी कोण हो तिची?"

दीपश्री, इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं मला खरा प्रश्न पहिल्यांदा विचारला, एरवी ती निकालच देते. मी तिच्यापुढची उरलेली भाजी चिरायला घेतली. तिसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून बाहेर आली आणि म्हणाली, "सासूच्या परीक्षेत मला किती गुण पडले ते तिलाच ठाऊक. आईच्या परीक्षेला बसते आता. त्यात दोघी-तिघी बसल्या म्हणून कुणी कुणाला उठवत नाही." आणि शेंगदाणे भाजायला घेतले. उंड्या तेव्हापासून चालल्यात.

संजीवलाही मी सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, रागावू नकोस. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं वाटलं. त्यानं एवढंच विचारलं, "माणूस बरा आहे ना, अण्णा?" मी म्हटलं, छत्री उघडता येत नाही, बाकी बरा दिसतो. तो हसला. फोन ठेवताना म्हणाला, "पंचमीला तिला आणायचं सोडू नका." त्या दिवशी मला माझ्या मुलाचा फार अभिमान वाटला, आणि तो त्याला सांगायचा राहून गेला. पुढच्या फोनवर 'जेवलास का' नंतर सांगेन म्हणतो.

आमच्या पिढीत नाती आधी ठरलेली असायची, माया मागून यायची, कधीकधी यायचीच नाही. तुमच्या काळात नाती मोडतात म्हणून लोक हळहळतात. मला तितकं वाईट दिसत नाही बघ. आमच्या घरात नातं गेलं आणि माया राहिली. तिला काय नाव द्यायचं ते कुठल्या अर्जावर लिहायची वेळ अजून आली नाही, म्हणून सुखात आहोत. संध्याकाळी व्हरांड्यात बसतो, कुणी ना कुणी येऊन जातं, अंबूताई माझ्या आधी त्यांच्याशी भांडून घेते. ह्याहून जास्त सुख असेलही, पण मला हवंसं वाटत नाही. फक्त पंचमीला झोका रिकामा बघायची माझी तयारी नाही.

तर पत्राचं कारण एवढंच. तू आम्हाला सांगायला कचरतेस, आणि सांगितल्यावाचून त्या माणसाला होही म्हणत नाहीस, असं अनिताबाई म्हणतात. आम्हाला वाईट वाटेल, हे घर तुटेल, असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. लग्न कर, आणि इथून कर. मांडव या दारात पडू दे. पाठवणीला रडायचं काम अंबूताईनं आताच मागून घेतलंय. मी पंचमीच्या सकाळी मुराळी म्हणून येतोच आहे. पेपर तपासायचे असतील तर गठ्ठा बरोबर घे, मी बेरजा करून देईन. आणि परत जाताना तुला न्यायला कुणी येणार असेल तर त्यानं जेवायच्या वेळेला यावं, एवढा निरोप

फाटक वाजलं, म्हणून वाक्य तसंच राहिलं. अंबूताई "यार री, कोण आहे?" म्हणत बाहेर गेलीय. खिडकीतून दिसतंय: उंच गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, चपला पायरीखाली सरळ लावून ठेवल्यात. तोच. कन्नडमध्ये सांगतोय की नाव गुरुराज, दीपश्रीला ठाऊक नाही मी आलोय ते, तुमच्याशी आणि अण्णांशी बोलायचं होतं. पुढे काय बोलायचं ते बहुधा वाटेवर पाठ करून आलाय, पण आता आठवत नाहीसं दिसतं. अंबूताई तशीच आत वळली. मला वाटलं संपलं. ती तांब्या भरून घेऊन आली, आणि तांब्या त्याच्या हातात न देता, जावयाच्या घालतात तसं, स्वतःच त्याच्या पायांवर पाणी घालतेय. तो संकोचून मागं सरतोय, ती ऐकत नाहीये. मला उठायला हवं.

तुझाच,
अण्णा