बाबाचा रिपोर्ट

नागपूर

भाऊ धम्मरत्न,

तुले अन् आईले ताईचा जय भीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होते, आईले सांग. तू फोनवर बोलत नाही, म्हणून लिहून राह्यली.

शेजारची वंदना सांगे, "मीच बाबाले दवाखान्यातून घरी आणलं" म्हणत तू ताटावरून उठून जातो. असं करू नको रे. नाकात काडी फिरवून पट्टीवर पाहतात, त्या तपासणीत फ्लू कितीकदा सुटून जाते. पट्टीवर फ्लू दिसला नाही म्हणून डॉक्टरनं घरी न्या म्हटलं, अन् तू आणलं. तुले कसं कळणार होतं?

बाबाचा दम वाढल्यावर बुलढाण्याले घेतलेला दुसरा नमुना बर्फाच्या डब्यातून आमच्याच लॅबमधी आला. मशीननं फ्लू दाखवला, पण तोवर बाबा गेले होते. रोज लोकायचे नमुने तपासते, अन् आपल्या बापाच्या कामी आली नाही.

आईचा खोकला कसा आहे? ताप चढला तर पट्टीच्या भरवशावर राहू नको. डॉक्टरले बाबाचं सांग, औषध त्याच दिवशी सुरू कराले लाव. रिपोर्ट मागून येऊ दे.

अन् आज आईसोबत जेवाले बस.

तुही ताई,
सारिका