पोस्टमनच्या तोंडात ताईचे दात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानेच. मागच्या आठवड्यात टेबलाखाली गेलेली पोलिसाची टोपी काढायला खरोखर वाकलो, तेव्हापासून कंबर माझं ऐकत नाही. टोपी सुपारीएवढी होती. ती कुठून आली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का? मी ठीक आहे, तुझी भाची माझ्याहून ठीक आहे. एवढं भाऊजींना वाचून दाखवायला हरकत नाही. यापुढचं मात्र चष्मा सापडत नाही असं सांगून आत ने आणि एकटीच वाच. पाकिटावर मी मुद्दाम ‘गुडघ्याच्या तेलाविषयी’ असं लिहिलं आहे, म्हणजे त्यांना उघडावंसं वाटणार नाही. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही.

तुला ठाऊक आहे, आमची कन्या जाहिरातींच्या ऑफिसात अक्षरं नाचवायचं काम करायची. साबणाचं नाव पडद्यावर उड्या मारत येतं ना, त्या उड्या तिच्या. ते सोडून ती घरी आली ती दोन पेट्या माती, तीन दिवे आणि एक कॅमेरा घेऊन. म्हणाली, बाबा, मी माझा सिनेमा करणार आहे. मी म्हटलं, कर. मला वाटलं, सिनेमा करायचा म्हणजे ती बाहेर जाईल आणि करून येईल. तो आमच्या जेवायच्या टेबलावर होणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी ताट मांडीवर घेऊन जेवतो, कारण टेबलावर एक अख्खं गाव वसलं आहे. त्यात रस्ता आहे, दिव्याचे खांब आहेत आणि वितीएवढी माणसं आहेत. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. दिवसभर खपलं की संध्याकाळपर्यंत पोस्टमन रस्ता ओलांडतो. (ओलांडून त्याने पत्र चुकीच्या घरी टाकलं तर दुसरा दिवस.)

गोष्ट अशी आहे की एका गावात कधीच पाऊस पडत नाही आणि तिथे एक म्हातारी छत्र्या दुरुस्त करण्याचं दुकान चालवते. मी साहजिकच विचारलं की पाऊस नाही तर छत्र्या मोडतात कशाने. कन्या म्हणाली, बाबा, तेच तर आहे. मी म्हटलं, काय तेच? ती म्हणाली, तेच. यावर आमचं दोन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी मी छत्रीच्या काड्या किती जाड असाव्यात यावर मत दिलं, ते तिला पटलं, आणि मी सिनेमात शिरलो. चंचुप्रवेश म्हणतात तो हाच. आधी काड्या, मग खांब, मग पोलिसाची टोपी, आणि मग एके दिवशी तिने अगदी सहज विचारलं की बाबा, तुम्ही यांना थोडे दात कराल का?

ताई, ज्या माणसाने आयुष्यभर गावाच्या कवळ्या केल्या, आणि निवृत्त झाल्यापासून ज्याला कोणी साधं तोंड उघडून दाखवलेलं नाही, त्याला असं विचारल्यावर काय होईल? माळ्यावरून मेण उतरलं, कोरण्या उतरल्या, बारका दिवा उतरला. या बाहुल्या बोलणार, म्हणजे ‘आ’ म्हणताना एक तोंड, ‘ओ’ म्हणताना दुसरं, ‘स’ म्हणताना तिसरं. प्रत्येकाची तोंडांची एक डबी. आता ‘स’ आणि ‘फ’ म्हणताना वरचे दात कुठे येतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, त्याच अक्षरांवर तर कवळीची परीक्षा असते. पण नमुना हवा. कवळ्यांचा कारखाना बंद केला तेव्हा सगळ्यांचे प्लास्टरचे साचे मी मोडून टाकले होते, लोकांची तोंडं आपण कशाला सांभाळायची? एक साचा तेवढा ठेवला होता, रुमालात गुंडाळून.

(आता तू हे वाचताना आजूबाजूला पाहिलं असशील. पाहा. कोणी नाही ना? मग पुढे वाच.)

तो का ठेवला होता ते सांगतो. त्याहून चांगलं काम माझ्या हातून पुढे झालं नाही म्हणून. भाऊजी कामासाठी परगावी होते, तू हिरड्यांच्या दुखण्याने माहेरी आली होतीस आणि डॉक्टरांनी एकही दात ठेवण्याजोगा नाही म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा शिकाऊच होतो. तू रडत म्हणालीस की यांना कळलं तर मी मरेन. तेव्हा मी एक अक्कल चालवली. सगळे दात सरळ रांगेत लावले की कवळी लगेच ओळखू येते. म्हणून तुझा समोरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला असायचा, तसाच मी तो पुन्हा चढवला. तुझ्या सासरी आजतागायत कोणाला संशय आला नाही. तोच साचा मी मापं घेऊन नखाएवढा लहान केला आणि सहा बाहुल्यांना पुरतील इतकी तोंडं पाडली. मला वाटलं, एवढ्याशा दातांत कोणाला काय कळणार.

पहिला तुकडा तयार झाला तेव्हा कन्येने पडदे ओढले आणि भिंतीवर दाखवला. तिथे नखाएवढ्या तोंडाचं परातीएवढं तोंड झालं. पोस्टमन सायकलवरून उतरला, म्हातारीकडे बघून हसला, आणि कन्येचा चहाचा कप अर्ध्यात थांबला. म्हणाली, बाबा, हा पोस्टमन आत्या आहे. मी म्हटलं, काहीतरीच. मग पोलीस हसला. मग शाळामास्तर हसले. मग पाळण्यातलं बाळ हसलं. (बाळाला दात नकोत हे मला ठाऊक होतं, पण बोळकं ठेवायला माझा हात धजेना. धंद्याची सवय.) शेवटी कुत्र्याने तोंड उघडलं, आणि ताई, राग मानू नकोस, पण मला तुझी इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. सबंध गाव वरचा दात चढवून हसत होतं. कन्येने दिवा लावला आणि शांतपणे विचारलं की आत्याचा साचा तुमच्याकडे कसा? मी म्हटलं, असतात घरात साचे. पोरगी माझी आहे, तिला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. (तिने कोणाला सांगितलेलं नाही. ती गुपिताला पक्की आहे, हे तिने आईकडून घेतलं आहे.)

मी तत्काळ भरपाईला लागलो. स्वतःच्या तोंडाचा साचा घेतला आणि सगळ्यांना माझे दात बसवले. परिणाम असा झाला की पोस्टमन तक्रार घेऊन आल्यासारखा दिसू लागला आणि बाळ कर चुकवणाऱ्यांच्या शोधात असल्यासारखं. मग पुस्तकात असतात तसे सरळसोट दात केले. ते पाहून कन्या म्हणाली, आधी ही माणसं होती, आता दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं आहेत. ते खरंच होतं. जुनी तोंडं परत लावली, तर गाव पुन्हा जिवंत झालं. तेव्हा तिने हात पुसले आणि सांगितलं की दुसऱ्याचं तोंड न विचारता वापरायचं नाही. आत्या हो म्हणाली तर सिनेमा, नाही म्हणाली तर गाव कपाटात. मुलांच्या सिनेमांचा एक मोठा महोत्सव आहे, तिथे महिनाअखेर पाठवायचा होता. तूर्तास म्हातारी हात वर करून तशीच उभी आहे आणि आम्ही तिच्याभोवतीची धूळ फुंकतो.

तुला खरं सांगायचं तर मला महोत्सवाचं फारसं काही नाही. हिची आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघं काय बोलत होतो? दूध आणलं का, गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का. फोनवरही तेच. ती तिकडून विचारायची जेवलात का, मी म्हणायचो जेवलो, आणि दोघांनाही फोन ठेवायची घाई. आता पोस्टमनच्या भुवया वर असाव्यात की खाली यावर आम्ही सबंध सकाळ भांडतो. परवा ती मला ‘तुम्हाला सिनेमातलं शष्प कळत नाही’ असं म्हणाली आणि मला इतकं बरं वाटलं की मी दोन वेळा दाढी केली. गाव कपाटात गेलं की ती पेट्या बांधेल. जुन्या ऑफिसातून तिला फोन येत असतात. ती गॅलरीत जाऊन बोलते आणि मी आतून भांडी वाजवतो, म्हणजे मी ऐकत नाही असं तिला वाटावं.

असो. तुला काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मागायचं नव्हतं, पण विषय निघालाच आहे तर, तुझे दात वापरू देशील का? नावं येतात तिथे तुझं नाव घालणार नाही. किंवा हवं तर घालतो. पण मला माहीत आहे, नाव नसलं तरी भाऊजी पोस्टमन हसताक्षणी ओळखतील, आणि मग साचा कुठून आला हे विचारतील. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी पुष्कळ शोधलं. ‘भावाबहिणीच्या तोंडाची ठेवण’ म्हणावं, तर माझे दात भाऊजींनी पाहिलेले आहेत.

ता. क. २. पुढचा मजकूर कन्येच्या हातचा आहे. तिने तो लिहून, कागद दुमडून, वर टाचणी लावून दिला आहे. मी वाचलेला नाही. (टाचणी फार घट्ट आहे.)

आत्या, नमस्कार. बाबांनी अर्धंच मागितलं असणार. मला तुझे दात हवेत आणि तुझा आवाजही हवा. म्हातारीसाठी आम्ही खूप आवाज घेऊन बघितले. बाबांच्या आवाजात ती छत्री दुरुस्त करत नाही, जप्त करते. समोरच्या मावशी बस स्टँडवर घोषणा करतात, त्यांच्या आवाजात म्हातारी आता सुटेल असं वाटतं. मग लक्षात आलं की बाबांनी ही तोंडं तू बोलतेस तशीच केली आहेत, तो ‘ओ’ दुसऱ्या कोणाचा नाहीच. मी त्यांना म्हटलं, तर म्हणाले योगायोग. आणखी एक. जुन्या ऑफिसला मी केव्हाच ‘नाही’ म्हणून कळवलं आहे, आता ते फोन करतात ते मी तिथे बसायचे ती खुर्ची विकत घेशील का विचारायला. बाबांना सांगू नकोस. मी जाईन या भीतीने ते इतकं सुरेख काम करतात की विचारू नकोस. पण तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या मनाविरुद्ध एक तोंड लावणार नाही, आणि मग आम्ही दोघं पुन्हा दुधाबद्दल बोलायला लागू. मला ते नको आहे. तुझी, भाची.

ता. क. ३. पत्र टाकायला निघालेली कन्या चपला शोधते आहे, तेवढ्यात लिहितो. ताई, एवढं वाचूनही तू नाहीच म्हणणार, आणि तेही केवळ भाऊजींना कळेल म्हणून. तेव्हा ऐक. भाऊजींना माहीत आहे. ते परगावाहून आले त्याच दिवशी त्यांना कळलं. पुढे किती तरी वर्षांनी ते माझ्या कारखान्यात आले, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून तोंड उघडलं. त्यांचे सगळे दात माझ्या हातचे आहेत, ताई. खालचा एक तुटका आहे ना, जो तू नेहमी डॉक्टरांना दाखवायला सांगतेस, तोही मीच तसा केला आहे. जाताना म्हणाले, तिला कळू देऊ नका. मी दातांसाठी तुमच्याकडेच आलो म्हटलं की तिचेही दात तुम्हीच केलेत हे मला ठाऊक आहे, असं तिला वाटेल, मग ती माझ्यासमोर अशी हसायची नाही, आणि मला घरी यायचं असतं ते तेवढ्यासाठीच. मी त्यांना शब्द दिला होता. पोरीसाठी आज मोडला. आता दोघंही या.